विंडुए, फोन्स्टर, विंडो : एका खिडकीची इतकी नावं कशी?

माजघर

नमस्कार मंडळी. लेकीकडे कोपनहेगनला येऊन दोन महिने झाले. नातू पाळणाघरात, लेक-जावई कामावर. त्यामुळे दिवसभर मी आणि खिडकी.

समोरच्या इमारतीच्या काचा पुसायला ठरावीक दिवसांनी एक माणूस येतो. त्याच्या गाडीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय 'विंडुएस्पुडसर'. लेकीला विचारलं तर म्हणे खिडक्या पुसणारा. विंडुए म्हणजे खिडकी. (बोलताना ही माणसं अर्धा शब्द गिळतात, 'व्हेन्दू'च्या आसपास काहीतरी ऐकू येतं.) म्हटलं, अरेच्चा, हा तर इंग्रजी विंडोचा सख्खा भाऊ!

मग गेल्या रविवारी मोठ्या पुलावरून आगगाडीने माल्म्योला गेलो. पाऊण तासाच्या आत स्वीडन. तिथेही तशीच गाडी, तशीच शिडी, तोच रबरी पट्टीचा दांडा. गाडीवर मात्र 'फोन्स्टरपुट्स'. समुद्राची एवढीशी पट्टी ओलांडली तर खिडकीचं नावच बदललं! आणि हे फोन्स्टर तर जर्मन फेन्स्टरसारखं दिसतंय.

सगळं आयुष्य बँकेत काढलं, भाषाशास्त्रातलं ओ की ठो कळत नाही. पण हे डोक्यातून जाईना. शेजारशेजारच्या भाषा, एकाच कुळातल्या, आणि घरातल्या इतक्या साध्या वस्तूला वेगवेगळे शब्द का? कुणी सांगेल का?

---

कडीकोयंडा

पॉपकॉर्न घेऊन खिडकीत बसलो आहे. येऊ द्या.

---

जर्मनवेडी

काकू, प्रश्न आवडला. मी जर्मन शिकवते, त्यामुळे माझ्या वर्गात हा विषय दर बॅचला निघतोच.

विंडो हा मूळचा इंग्रजी शब्दच नाही. तो जुन्या नॉर्समधला, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतला. 'विंद' म्हणजे वारा, 'औगा' म्हणजे डोळा. विंदौगा : वाऱ्याचा डोळा. नवव्या शतकापासून डेन्मार्क-नॉर्वेकडची माणसं इंग्लंडच्या उत्तरेला आणि पूर्वेला आली. आधी लुटायला, मग राहायला. शेजार झाला, सोयरिकी झाल्या, आणि त्यांचे घरगुती शब्द इंग्रजांच्या तोंडात बसले. नाइफ, एग, स्काय हे सगळे त्यांचेच. हजबंडसुद्धा! मूळ 'हूसबोंदी', म्हणजे घरधनी. विंडो लेखी इंग्रजीत तेराव्या शतकात दिसायला लागतो.

त्याआधी इंग्रजांकडे शब्द नव्हता असं नाही. 'एआगथिरल' म्हणजे डोळ्याचं भोक आणि 'एआगदुरु' म्हणजे डोळ्याचं दार. त्यातलं 'थिरल' अजून जिवंत आहे, फक्त खिडकीतून निघून नाकात जाऊन बसलंय : नॉस्ट्रिल, म्हणजे नाकाचं 'थिरल'. 'डोळ्याचं दार' तर त्याहून जुनं आहे. चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपने बायबल गॉथिक भाषेत (इंग्रजी-जर्मनची जुनी नातलग) आणलं, त्यात 'औगदौरो' आहे. संत पॉलला दमास्कसच्या तटाच्या खिडकीतून टोपलीत बसवून खाली सोडतात, तिथे.

(शिवाजी महाराजांची आठवण झालेल्यांनी हात वर करा.)

आता जर्मन फेन्स्टर. तो लॅटिन 'फेनेस्ट्रा'. जर्मन टोळ्यांची घरं लाकूड आणि लिंपलेल्या कुडाची. दगड-विटांचं, काच लावलेलं घर त्यांनी पाहिलं ते रोमनांकडे. वस्तू आली तसे शब्दही आले. भिंतीला माउअर, कौलाला-विटेला त्सीगेल, तळघराला केलर, स्वैपाकघराला क्यूखं, रस्त्याला श्ट्रासं, हे सगळे लॅटिनवरून. डच 'फेन्स्टर' तिथलाच (लिहिताना व्ही), पण डच माणूस रोजच्या बोलण्यात 'राम' म्हणतो.

---

कडीकोयंडा

> रोजच्या बोलण्यात 'राम' म्हणतो

डच लोक खिडकीला राम म्हणतात?! आमचे प्राचीनवैभव कुठायत?

---

जर्मनवेडी

'राम' म्हणजे चौकट. रामायण काढू नका, हात जोडते.

---

कडीकोयंडा

आणि विंडो म्हणजे वाऱ्याचा डोळा असेल तर संगणकात विंडोज टाकलं की आतला पंखा एवढा का भणभणतो ते आज कळलं.

---

प्राचीनवैभव

बोलावलंत, आलो. विनोद बाजूला ठेवा. संस्कृतमध्ये खिडकीला दोन शब्द आहेत. एक 'वातायन', वात म्हणजे वारा. दुसरा 'गवाक्ष', अक्ष म्हणजे डोळा. यातला वारा आणि त्यातला डोळा एकत्र केला की झालं विंदौगा. व्हायकिंगांनी हे कुठून उचललं ते वेगळं सांगायला नको.

---

तिरसट

वेगळं सांगाच. कुठल्या बोटीने नेलं? बंदर कोणतं?

---

जर्मनवेडी

थांबा, थांबा. प्राचीनवैभव यांचं निरीक्षण चुकीचं नाही, निष्कर्ष चुकीचा आहे.

'वात' आणि 'विंद' हे खरोखरच नात्यातले शब्द आहेत. लॅटिन 'वेंतुस' हा तिसरा. 'अक्षि' आणि 'औगा' हेही नात्यातले, लॅटिनमध्ये 'ओकुलुस'. पण आई आणि मुलगी असं नातं नाही, मावसबहिणी म्हणा. आजी एकच, तिची भाषा कुणी लिहून ठेवली नाही, नातींच्या चेहऱ्यावरून तिचा चेहरा जुळवायचा. त्यातही औगाचा चेहरा थोडा खटकतो : नियमाप्रमाणे तिथे 'औ' यायला नको होता. 'कान' या शब्दाची सावली 'डोळ्या'वर पडली असावी असं भाषाशास्त्रातलं एक नेहमीचं स्पष्टीकरण आहे. शेजारी राहिलं की वाण नाही पण गुण लागतो, ते अवयवांनाही लागू.

गंमत ही, की विंदौगाचे दोन्ही अर्धे संस्कृतला ओळखीचे आहेत, पण संस्कृतने ते एका शब्दात कधी जोडले नाहीत. वाऱ्याला स्वतंत्र खिडकी, डोळ्याला स्वतंत्र.

---

प्राचीनवैभव

आजीची भाषा लिहिलेली नाही म्हणजे ती संस्कृत नव्हती हे कसं सिद्ध होतं?

---

तिरसट

खिडकी बंद करतो. डास येतायत.

---

आधीचा_अभियंता

गवाक्षावरून आठवलं. ऐंशीच्या दशकात कामासाठी रशियन शिकावी लागली. खिडकी म्हणजे 'ओक्नो', उच्चार 'अक्नो'. आमच्या बाईंनी फळ्यावर शेजारी 'ओको' लिहिलं, म्हणजे डोळा, आणि दोघांना बाणाने जोडलं. हा डोळ्याचा जुना शब्द, आज कवितेतच जास्त. रशियन ही जर्मेनिक, म्हणजे इंग्रजी-जर्मन-डॅनिशच्या कुळातली, नव्हे, तरी तिथेही खिडकी डोळ्याचीच.

पुढे फिनलंडमध्ये सहा महिने होतो. फिनिश तर अख्खी वेगळ्या कुळातली. पण तिथली खिडकी 'इक्कुना', तीही त्याच ओक्नोवरून उसनी घेतलेली. स्पॅनिशमध्ये मात्र 'वेंताना'. तो वेंतुसवाला वारा.

थोडक्यात, युरोपभर खिडकीकडून दोनच अपेक्षा : डोळा नाहीतर वारा.

---

मांडवीतीर

दोनच नाहीत. पोर्तुगीजांचं 'जनेला' राहिलं की. ते लॅटिनमधल्या दाराच्या शब्दावरून आलंय, 'यानुआ'. त्याचं लहान रूप. म्हणजे छोटं दार. त्यावरून आमच्या कोंकणीत 'जनेल'. माझी आजी 'जनेल धांप' म्हणायची, खिडकी शब्द तिने कधी वापरला नाही.

आमच्या जुन्या घराच्या जनेलांना काच नव्हती. लाकडी चौकटीत पातळ शिंपले बसवलेले, तळहाताएवढे, कडा तासून चौकोनी केलेले. बाहेरचं काही दिसायचं नाही, वारा तर नाहीच. फक्त उजेड यायचा, दुधासारखा. दुपारी जमिनीवर त्याचे चौकोन पडायचे आणि आम्ही पोरं त्यावर लंगडी खेळायचो. तेव्हा अभियंतासाहेब, डोळाही नाही आणि वाराही नाही. आमची खिडकी उजेडाची.

---

माजघर

मांडवीतीर, काय सुंदर लिहिलंत. जर्मनवेडी, खूप आभार, दोनदा वाचलं. पण माझा मूळ प्रश्न तसाच आहे. स्वीडिश लोक व्हायकिंगांचेच ना वंशज? मग त्यांनी वाऱ्याचा डोळा का टाकला?

---

घाटवाट

काकूंच्या प्रश्नाला जाणकार उत्तर देतीलच. तोवर अवांतर : आपली 'खिडकी'सुद्धा मुळात दारच आहे. प्राकृतात 'खडक्की' म्हणजे बाजूचं किंवा मागचं छोटं दार. मोठ्या दरवाज्याच्या पोटात माणूस वाकून जाईल एवढी दिंडी असते ना, तसलं काहीतरी. शनिवारवाड्याचा खिडकी दरवाजा उगाच नाही.

---

ओसाडगावचा_पाटील

शनिवारवाड्याचं उदाहरण नको. त्या दरवाज्याला खिडकी होती म्हणून ते नाव, असं सांगतात. पुरावा म्हणून चालणार नाही.

---

घाटवाट

मान्य, उदाहरण मागे घेतो. शब्द मागे घेत नाही.

---

कडीकोयंडा

आणि खडकी स्टेशन? मधल्या सुट्टीत शोधून ठेवा.

बाय द वे, बिजागरी पोर्तुगीज 'बिसाग्रा'वरून. तावदान फारसी 'ताबदान'वरून. स्लायडिंग इंग्रजी. मग आमच्या खिडकीत अस्सल मराठी काय उरलं?

---

तिरसट

वाळत घातलेला टॉवेल.

---

कडीकोयंडा

टॉवेलही इंग्रजी हो :)

---

तिरसट

बरं, पंचा.

---

श्टुटगार्टचा_बंड्या

फेन्स्टर म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

इथे भाड्याने घर घेतलं तेव्हा करारात एक आख्खं कलम होतं : दिवसातून किती वेळा, किती मिनिटं फेन्स्टर उघडून हवा खेळवायची. वर्षभर आहे का हिवाळ्यात, तर हिवाळ्यातसुद्धा. सगळी तावदानं सताड उघडायची, पाच-दहा मिनिटं बर्फगार वारा घरभर फिरू द्यायचा, मग घट्ट बंद. मी पडलो कोल्हापूरचा. बाहेर उणे सहा असताना खिडकी उघडणारा माणूस मला वेडा वाटायचा. मी काय करायचो, तर फेन्स्टर वरून थोडं कलतं ठेवायचो. इथल्या खिडक्यांची मूठ वर फिरवली की खिडकी आत झुकते, तसं. आणि खाली फोडणी, कुकर, वाळत घातलेले कपडे.

फेब्रुवारीत पलंगामागे भिंतीवर काळे ठिपके. बुरशी. घरमालक आले, नाकाला रुमाल लावून कोपऱ्यात वाकले, भिंतीला बोट लावून मला दाखवलं आणि एकच शब्द म्हणाले : 'ल्युफ्टन!' हवा खेळवा! अनामत रकमेतून रंगाचे पैसे कापले ते कापलेच.

तेव्हापासून माझं मत आहे की जर्मनांनी लॅटिन शब्द घेऊन चूक केली. वाऱ्याचा डोळा हे नाव त्यांच्याइतकं कुणालाच शोभलं नसतं.

---

जर्मनवेडी

हा प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवणार आहे, परवानगी गृहीत धरते.

---

लिफीकाठी

आयर्लंडहून हजेरी. व्हायकिंगांनी विंदौगा इंग्लंडातच नाही, इथेही सोडला. डब्लिन हे शहरच त्यांनी वसवलेलं. आयरिशमध्ये खिडकी म्हणजे 'फुइन्योग', थेट नॉर्सवरून आलेला.

माझा मुलगा शाळेत आयरिश शिकतो. एकदा घरी येऊन म्हणाला, आज टीचरनी मला 'अन इन्योग' उघडायला लावली. मी म्हटलं अरे फुइन्योग ना? तर म्हणे, आधी 'अन' लागलं की फ चा आवाज जातो. लिहायचा, पण म्हणायचा नाही. स्कॉटलंडच्या गेलिकमध्ये तर फ मुळातच नाही, 'उन्याग'. म्हणजे वाऱ्याचा व कुठे फ झाला, कुठे उडाला. वाराच तो.

आणि शेजारच्या वेल्समध्ये? 'फेनेस्ट्र'. तिथे रोमन पोचले होते. आयर्लंड रोमनांनी कधी घेतलंच नाही. काकू, तुमच्या पुलासारखंच आहे बघा. इकडे समुद्राच्या एका बाजूला रोमन खिडकी, दुसऱ्या बाजूला व्हायकिंग खिडकी.

---

तिरसट

हे असले नकाशे फार पटकन जुळतात, म्हणून मला त्यांची भीती वाटते. रोमन गेले तिथे फेनेस्ट्रा, व्हायकिंग गेले तिथे विंदौगा. छान. मग नॉर्मंडीत व्हायकिंग जाऊन राहिले, तिथे फ्रेंच 'फनेत्र' कसं टिकलं? स्वीडनमध्ये रोमन सैन्य कधी गेलं?

आणि दुसरं, बंड्यांचा प्रतिसाद आवडूनही सांगतो. 'अमुक लोकांनी खिडकीला वाऱ्याचा डोळा म्हटलं म्हणजे ते वाऱ्याचे, तमुक उजेडाचे' हा खेळ बंद करू या. आज एकाही डॅनिश माणसाला विंडुए म्हणताना डोळा दिसत नाही. आपल्याला खिडकी म्हणताना मागचं दार दिसतं का? पोळीभाजी केंद्राच्या खिडकीसमोर उभं राहून कुणाच्या मनात प्राकृत येत नाही.

---

हिमनग

तिरसटरावांशी तत्त्वतः सहमत, तरीही हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आइसलंडला गेलो होतो. नॉर्सची सगळ्यात जुनी ठेवण त्यांनी सांभाळली म्हणतात, म्हणून मी मोठ्या उत्साहाने विंदौगा शोधत होतो. तर खिडकी म्हणजे 'ग्लुग्गी'! वाऱ्याचा डोळा रोजच्या बोलण्यात नाहीच. तो सापडतो फेरो बेटांवर, 'विंदेय्गा', आणि नॉर्वेत : एका लेखी नॉर्वेजियनमध्ये 'विंदू' आणि दुसऱ्यात जवळजवळ मूळ रूपात 'विंदौगे'.

पण ग्लुग्गीने निराश केलं नाही. 'ग्लुग्गावेदुर' असा त्यांचा एक शब्द आहे : खिडकीतून बघायला छान हवा. बाहेर लख्ख ऊन, निळं आकाश. दार उघडलं की वारा कानाखाली वाजवतो. आमच्या गेस्टहाऊसच्या बाईंनी मला हाफ शर्टात बाहेर पडताना पाहून हा शब्द शिकवला. पाच मिनिटांत परत येईन याची त्यांना खात्री होती. तीन मिनिटं लागली.

दुसरा शब्द 'स्क्यार'. जुन्या घरांत काच परवडायची नाही, तेव्हा जनावराची पातळ त्वचा चौकटीवर ताणून बसवायचे. मांडवीतीर यांच्या शिंपल्यांसारखंच, उजेड येणार, दिसणार काही नाही. त्या खिडकीला स्क्यार म्हणत. आज आइसलंडमध्ये स्क्यार म्हणजे संगणकाचा पडदा.

---

कडीकोयंडा

म्हणजे स्क्यारवर विंडोज. खिडकीत खिडकी.

---

यॉर्कशायरची_सून

जर्मनवेडी म्हणाल्या ते व्हायकिंग आमच्या इथलेच. गावांच्या नावांत अजून बसलेत, व्हिटबीतलं 'बी' म्हणजे त्यांच्या भाषेत वस्ती.

इथली एक खिडकीची गोष्ट. जुन्या दगडी घरांवर कधीकधी खिडकीची पूर्ण चौकट असते, उंबरा, कमान, सगळं. आत मात्र विटा. मला वाटायचं दुरुस्ती अर्धवट राहिली. सासऱ्यांनी सांगितलं, कर. १६९६ मध्ये इंग्लंडात खिडक्यांवर कर बसला, घराला जितक्या जास्त खिडक्या तितका जास्त. तो १८५१ पर्यंत होता. लोकांनी खिडक्याच बुजवल्या. (सगळ्याच विटा करामुळे नाहीत हं, काही ठिकाणी फक्त समोरची बाजू सारखी दिसावी म्हणून खोटी खिडकी काढायचे.) उजेड चोरला म्हणून त्यावरून 'डेलाइट रॉबरी' हा वाक्प्रचार आला.

---

तिरसट

सासऱ्यांना नमस्कार सांगा, पण तो वाक्प्रचार लुबाडणुकीच्या अर्थाने विसाव्या शतकात रूढ झाला. कर जाऊन तोवर किती वर्षं झाली होती बघा.

---

यॉर्कशायरची_सून

सांगणार नाही. ते ही गोष्ट दर पाहुण्याला सांगतात, त्यांचं वय ८४ आहे.

---

कडीकोयंडा

फेनेस्ट्रावरून एक राहिलंच. इंग्रजीत माणसाला खिडकीबाहेर फेकायला स्वतंत्र शब्द आहे : डीफेनेस्ट्रेशन. विंडोने तो मान मिळवला नाही. २३ मे १६१८ला प्रागच्या किल्ल्यात प्रॉटेस्टंट सरदारांनी बादशहाच्या दोन कारभाऱ्यांना आणि त्यांच्या चिटणिसाला खिडकीतून खाली टाकलं. सत्तरेक फूट. तिघंही जगले! कॅथलिक म्हणाले, मेरीमातेने झेललं. प्रॉटेस्टंट म्हणाले, शेणखताच्या ढिगाऱ्याने. तिथून तीस वर्षांचं युद्ध पेटलं. चिटणीस फाब्रिसियसला पुढे सरदारकी मिळाली, आणि किताब काय, 'फोन होहेनफाल', म्हणजे उंचावरून-पडलेकर!

आमच्याकडे कडेलोट होता, पण आडनाव द्यायला कुणी उरत नसे.

---

ओसाडगावचा_पाटील

ठ्ठो! उंचावरून-पडलेकर!!

आमच्याकडे खिडकीतून आत टाकायची परंपरा. एस.टी. फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल. रुमाल नसेल तर पिशवी, पिशवी नसेल तर धाकटा भाऊ. मला माझ्या काकांनी पंढरपूरच्या गाडीत तसंच सरकवलं होतं, डोकं आधी. तीन सीटा धरून आडवा झोपून राहिलो. याला शब्द सुचवा कुणीतरी.

---

घाटवाट

रुमालप्रवेश.

---

जर्मनवेडी

काकूंचा प्रश्न सगळ्यांनी मिळून खिडकीबाहेर टाकलाय, तो उचलून आणते.

स्वीडिशने 'फोन्स्टर' रोमनांकडून नाही, उत्तर जर्मनीच्या व्यापाऱ्यांकडून घेतला. मध्ययुगात ल्युबेकसारख्या शहरांच्या हान्सा या व्यापारी संघाचा बाल्टिक समुद्रावर वरचष्मा होता. स्टॉकहोममध्ये जर्मन सावकार, कारागीर इतके, की १४७१ पर्यंत नगरसभेतल्या निम्म्या जागा जर्मनांना देण्याची सोय होती. गवंडी, सुतार, काचवाला, गिऱ्हाईक, सगळ्यांच्या तोंडी जर्मन वळणाचे शब्द. नवी काचेची खिडकी बसवणारा ज्या नावाने ती विकेल, ते नाव घरात येणार. आपण नाही का, खिडकी लाकडाची असते आणि ॲल्युमिनियमची झाली की 'स्लायडिंग' होते!

त्यामुळे तिरसट यांचा प्रश्न बरोबर आहे. शब्द यायला सैन्य लागत नाही, दुकान पुरतं.

आता यातली अडचण मीच सांगते. हान्साचा जोर डेन्मार्कवरही तितकाच होता. 'पैसे देणे' याला डॅनिशमध्ये 'बेताले', स्वीडिशमध्ये 'बेताला', दोन्ही त्याच जर्मन व्यापाऱ्यांकडून आलेले. मग एकाने खिडकी बदलली आणि दुसऱ्याने नाही, याला नियम नाही. जुन्या स्वीडिशमध्ये वाऱ्याचा डोळा होता. इंग्रजीत उलटं झालं. तिथे फ्रेंचवरून आलेला 'फेनेस्टर' सोळाव्या शतकापर्यंत विंडोच्या शेजारी नांदत होता, आणि शेवटी तोच गेला.

म्हणजे बघा : व्हायकिंगांच्या नातवंडांनी, स्वीडिशांनी, रोमन शब्द ठेवला. आइसलंडवाल्यांनी तिसराच. आणि ज्यांना व्हायकिंगांनी लुटलं ते इंग्रज व्हायकिंगांचा शब्द जगभर घेऊन फिरले.

---

ओसाडगावचा_पाटील

आणि माल्म्यो १६५८ पर्यंत डेन्मार्कातच होतं, हे कुणी सांगितलं नाही. तहात स्वीडनला गेलं. म्हणजे काकू, पुलाने शब्द बदलला नाही, तहाने बदलला. त्या गावातल्या कुणाच्या तरी पणजीने विंडुए पुसला असेल आणि तिच्या पणतीने फोन्स्टर.

---

कडीकोयंडा

विषय बेळगावकडे वळायच्या आत कुणीतरी खिडकी लावा.

---

घाटवाट

नाही वळवत. शेवटचं अवांतर करतो.

आपण खिडकीला डोळा म्हणत नाही, आणि इंग्रज ज्याला सुईचा डोळा म्हणतात त्याला आपण सुईचं नाक म्हणतो, नाहीतर नेढं. आणि नेढं म्हणजे डोंगराला आरपार पडलेलं भोकही. रतनगडाच्या माथ्यावरच्या नेढ्यात बसलाय कुणी? पायऱ्या संपवून वर चढलात की आधी घाम पुसायची गरज उरत नाही. वारा एका बाजूने येतो तो तुम्हाला ओलांडून दुसऱ्या बाजूने जातो, टोपी, बिस्किटाचा पुडा, बोललेलं वाक्य, सगळं घेऊन. शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागतं. आणि पलीकडे बघायला गेलात तर डोळ्यांत पाणी येतं, भावनेने नव्हे, वाऱ्याने.

जर्मनवेडींचा पहिला प्रतिसाद वाचला तेव्हा मला ते आठवलं. तिरसट, तुम्ही म्हणता तसं डॅनिश माणसाला शब्दात डोळा दिसत नसेल. मला आता दिसणार.

---

तिरसट

रतनगड चालेल. रतनगडाला हरकत नाही.

---

माजघर

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं काही निघेल असं वाटलं नव्हतं. पाटील, ती पणजीची गोष्ट मनात राहिली.

आज सकाळी तो खिडक्यावाला आमच्या बाजूला आला. शिडी लावून काचेपलीकडे बरोबर माझ्यासमोर. एवढं सगळं वाचून मला काही राहवेना. खिडकी किलकिली केली, काचेवर बोट ठेवून म्हटलं, 'विंडुए!' लेकीने शिकवलं तसं, अर्धं गिळून. तो हसला. मोडक्या इंग्रजीत म्हणाला, मी इथला नाही, पोलंडचा. मग साबणाच्या बोटाने काचेला टक टक करून म्हणाला, 'ओक्नो'. आणि तेच बोट स्वतःच्या डोळ्याकडे नेऊन, 'ओको'.

मी अभियंतासाहेबांचं नाव घेणार होते, पण त्याला काय कळणार! मी माझ्या डोळ्याकडे बोट करून म्हटलं, 'डोळा'. त्याने दोनदा म्हणून पाहिलं. ळ जमला नाही.

तेवढ्यात साबण डोळ्यात गेला त्याच्या.

---

कडीकोयंडा

काकू, धाग्याचं नाव बदला. 'खिडकी पुसणाऱ्याचा डोळा'.

---

माजघर

चहा दिला हो त्याला. खिडकीतूनच.